मधली बॅटरी

वह्यांच्या कारखान्याने विजेवरचा ट्रक घ्यायचं ठरवलं आणि त्याला बॅटरी कुठली घ्यायची हे ठरवण्याचं काम व्यवस्थापकांकडे आलं, तेव्हा व्यवस्थापक मनातून फार सुखावले. वरकरणी ते "बघू, वेळ मिळाला तर," असं म्हणाले. पण संचालक मंडळाची बैठक संपून चहाचे कप उचलले जायच्या आत त्यांनी पट्टी घेऊन कागदावर रेघा मारायला सुरुवातही केली होती.

कारखान्यात त्यांना सगळे पाठीमागे दशांशराव म्हणत. बांधणी विभागातल्या बायकांनी एकदा "साहेब, जेवणाच्या सुट्टीला किती वेळ आहे?" असं विचारलं होतं आणि त्यांनी घड्याळ बघून "अकरा पूर्णांक दोन मिनिटं," असं उत्तर दिलं होतं. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांना ते ठाऊक होतं, आणि राग येण्याऐवजी त्याचा थोडा अभिमानच होता. माणसाला नाव पडायचंच असेल तर ते अपूर्णांकावरून पडलेलं काय वाईट? शेजारच्या खोलीत बसणाऱ्या कारकुनाला लोक 'जांभई' म्हणत.

प्रश्न तसा साधा होता. जुना डिझेलचा ट्रक पूर्वी फक्त चढावर खोकायचा, तो आता उतारावरही खोकू लागला होता. नव्या ट्रकला तीन बॅटऱ्या मिळत होत्या. छोटी एका चार्जिंगवर शंभर किलोमीटर जायची, मधली एकशे साठ आणि मोठी दोनशे चाळीस. पण बॅटरी जितकी मोठी तितकी जड. ती ट्रकच्याच डोक्यावर बसणार, म्हणजे ट्रकने आधी तिला वाहायचं आणि उरलेल्या ताकदीत वह्या वाहायच्या. कारखान्याची रोजची फेरी सत्तर किलोमीटरची होती: गोदाम, अकरा शाळा, तीन दुकानं आणि परत गोदाम.

कुणीही म्हणालं असतं, मधली घ्या आणि मोकळे व्हा. कुणीही म्हणालं असतं, हेच तर दशांशरावांचं दुखणं होतं. जे कुणीही सांगू शकतं ते सांगायला संचालक मंडळाने त्यांना कशाला निवडलं असतं?

म्हणून त्यांनी तक्ता केला. सलग नऊ संध्याकाळी, जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग अडवून, चौदा रकान्यांचा. फायद्याचे रकाने हिरव्या शाईत, तोट्याचे लाल शाईत. स्वयंपाकघरातला काटा आणून त्यांनी एका वहीचं वजन केलं, ते भरलं एकशे ऐंशी ग्रॅम. मग काटा पुसून तिचंच पुन्हा केलं, कारण त्यावर आधीचं पीठ होतं.

"अहो, चमचे ठेवायला तरी जागा द्या," बायको म्हणाली.

"दोन दिवस थांब. मोठा निर्णय आहे."

"चार दिवसांसाठी गावाला जाताना तुम्ही अकरा शर्ट घेता," ती म्हणाली. "निर्णय काय होणार ते मी आत्ता सांगते."

तक्ता पुरा झाला तेव्हा त्यातून उत्तर निघालं: मधली. नऊ संध्याकाळी घालवून आपण अगदी बरोबर उत्तरावर आलो, याचं समाधान दशांशरावांना एक रात्र पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तक्ता दाखवायला ड्रायव्हरमामांना बोलावलं.

मामा म्हणजे कारखान्याचे एकुलते एक ड्रायव्हर. सव्वीस वर्षं तोच ट्रक, तीच फेरी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते कुणाचेच मामा नव्हते आणि सगळ्यांचे होते. टोपी हातात धरून ते दारात उभे राहिले, आत आले आणि तक्त्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"यातले लाल रकाने नीट बघा, मामा. सगळा धोका तिथे आहे."

"रेघा फार सरळ आल्यात, साहेब," मामा म्हणाले.

"ते झालं. पण तुम्हाला काय वाटतं? बॅटरी कुठली घ्यावी?"

"मधली घ्या," मामा म्हणाले. "खरं तर छोटीवरही भागेल. दुपारी मी जेवायला गोदामावर येतोच. तेव्हा तासभर लावून ठेवली की झालं."

दशांशरावांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू वाळत गेलं. चौदा रकाने, नऊ संध्याकाळी, दोन रंगांची शाई. आणि या माणसाने टोपी हातात धरून, उभ्याउभ्या, एका वाक्यात तेच उत्तर दिलं होतं. वर दुपारच्या जेवणाचा मुद्दाही सांगितला, जो तक्त्यात कुठेच नव्हता.

"एक मात्र आहे, साहेब," मामा जाता जाता म्हणाले. "गाडी आहे तेवढीच असू द्या. फार मोठी नको."

"का बरं?"

"सवय आहे," मामा म्हणाले आणि टोपी घालून गेले.

नव्याला घाबरतात बिचारे, असं दशांशरावांनी मनात म्हटलं. त्यांना मामांची थोडी कीव आली, आणि ती येताच त्यांना बरंही वाटलं. मग त्यांनी तक्ता गुंडाळून घरी नेला. त्यात काहीतरी राहून गेलं असणार, असं त्यांना आता ठामपणे वाटू लागलं होतं.

राहून गेलेलं दाखवायला शेजारी होतेच. समोरच्या घरात दातांचे डॉक्टर राहत, त्यांच्याकडे विजेवरची मोटार होती. एकदा ती भर रस्त्यात बंद पडून दोरीने ओढत घरी आणावी लागली होती, आणि ही गोष्ट ते रुग्णाचं तोंड उघडं असताना, म्हणजे त्याला मध्ये बोलता येणार नाही अशा वेळी, आवर्जून सांगत.

"कंपनी सांगते त्यातले वीस टक्के सरळ सोडून द्या," डॉक्टर म्हणाले. "एकशे साठ हा आकडा कुणी काढला? गुळगुळीत रस्त्यावर, उपाशी ड्रायव्हर बसवून."

दशांशरावांनी वीस टक्के वजा केले.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनियर होते. त्यांची सगळी नोकरी पाण्याच्या पंपांवर गेली होती, पण निवृत्त झाल्यापासून त्यांना कुठलंच यंत्र परकं वाटत नसे. ते जिन्यातच थांबले. "थंडीत बॅटरी आखडते," ते म्हणाले. "वीस टक्के धरा. आणि म्हातारी झाली की आटते. माझ्याकडे बघा. पंचवीस टक्के तरी."

दशांशरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पंचवीस टक्केही मान्य केले.

राहिलेलं काम मेहुण्याने केलं. हा बायकोचा धाकटा भाऊ. त्याने आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलं नव्हतं, पण मोबाइलवर तो ट्रकांचे व्हिडिओ जेवणासारखे वेळेवर बघत असे. "भाऊजी, चढ विसरलात? आणि समोरचा वारा? सरसकट वीस टक्के काढा. आणि मी म्हणतो, मधलीवर जायचंच कशाला? रस्त्यात गाडी थांबली तर लोक कुणाचं नाव घेतील? ड्रायव्हरचं नाही घेणार. तुमचं घेणार."

हे वाक्य दशांशरावांना आतपर्यंत लागलं. रस्त्याच्या कडेला उभा ट्रक, आत हजारो वह्या, बाहेर अकरा मुख्याध्यापक, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, तेही पाठीमागचं.

सगळ्या कपाती एकावर एक बसवल्यावर मधल्या बॅटरीचे एकशे साठ किलोमीटर उरले एकसष्ट पूर्णांक चव्वेचाळीस. फेरी सत्तरची. म्हणजे मधल्या बॅटरीचा ट्रक रोज साडेआठ किलोमीटर अलीकडे मरून पडणार होता! मोठीचे मात्र ब्याण्णव पूर्णांक सोळा उरत होते. दशांशरावांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि आपण एका भयंकर संकटातून कारखान्याला थोडक्यात वाचवलं म्हणून दीर्घ श्वास घेतला.

बायकोने तक्ता वाचला. ती हिशेबाला कच्ची नव्हती. "म्हणजे तुमच्या या कागदावरचा ट्रक म्हातारा आहे, थंडीने कुडकुडतो आहे, समोरून वारा झेलतो आहे आणि सतत चढच चढतो आहे."

"सावधगिरी म्हणून धरलंय."

"पण तो गोदामावरून निघून गोदामावरच परत येतो ना? मग चढलेला उतरत कधी नाही का?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते बायकोला समजावून सांगण्याइतकं सोपं नव्हतं, असं दशांशरावांनी ठरवलं.

ट्रक विकणाऱ्या दुकानातल्या विक्रेत्याने पुढचं सगळं गोड करून टाकलं. मोठी बॅटरी मधलीपेक्षा तीनशे दहा किलो जड होती. म्हणजे प्रत्येक फेरीला एक हजार सातशे बावीस पूर्णांक दोन दोन वह्या कमी जाणार, हे दशांशरावांनी जागच्या जागी सांगितलं. विक्रेत्याने त्या पॉइंट दोन दोन वह्यांबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली.

"मग मोठी चासी घ्या ना, सर," तो म्हणाला. "खालचा सांगाडा जाड येतो, चाकं जाड येतात. बॅटरीही मोठी आणि वह्याही पूर्ण. सगळं धरून भरलेली गाडी तीन हजार नऊशे किलोंची होते, बस. दिसायला तीच."

दशांशरावांना हे फार पसंत पडलं. अंतर आणि भार यांतलं एक सोडावं लागतं असं ज्यांना वाटत होतं, त्यांना आपण दोन्ही मिळवून दाखवलं. संचालक मंडळापुढे त्यांनी तक्ता भिंतीवर लावून पंचेचाळीस मिनिटं भाषण केलं. अध्यक्षांना मध्ये डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा त्यांनी अनुमोदन दिलं. असे निर्णय यापुढे कसे घ्यावेत याचा नमुना म्हणून तक्ता दप्तरी ठेवावा, असा ठरावही झाला. जुना ट्रक बदल्यात कंपनीला देऊन टाकला.

नवा ट्रक आला तो पांढराशुभ्र, आवाज न करता, पाहुण्यासारखा अंगणात उभा राहिला. सगळे बाहेर आले. मामांनी भोवती एक चक्कर मारली, मागच्या चाकावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "साहेब, भरल्यावर किती होतो हा?"

"तीन हजार नऊशे!" दशांशराव अभिमानाने म्हणाले.

मामांनी चाकावरचा हात काढला. मग म्हणाले, "ओढ्यावरच्या पुलावर पाटी आहे. साडेतीन टनांच्या वर बंदी."

आता पूल टाळून जायचं म्हणजे एकोणीस किलोमीटरांचा वळसा. फेरी सत्तरची एकोणनव्वद झाली. दशांशराव तसेच टेबलाकडे गेले. त्यांनी हिशेब मांडला आणि त्यांचा चेहरा उजळला. मोठ्या बॅटरीचे ब्याण्णव पूर्णांक सोळा होते! मधली घेतली असती तर आज काय झालं असतं? मोठी बॅटरी घेतली म्हणून फेरी लांबली, आणि फेरी लांबली म्हणून मोठी बॅटरी घेतली ते किती बरं झालं! हे त्यांनी अध्यक्षांना फोन करून सांगितलं. अध्यक्षांना पटलं. घरी बायकोला सांगितलं, तर ती भाजी चिरता चिरता थांबली, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा चिरू लागली.

खरी गंमत वाहन नोंदणी कार्यालयात झाली. गंमत म्हणजे खिडकीच्या आतल्या माणसाच्या दृष्टीने. तिथे चार नंबरच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने कागद चाळले आणि विचारलं, "चालवणार कोण?"

"आमचे मामा."

"तुमचे मामा?"

"माझे नव्हेत. सगळ्यांचे."

"सगळ्यांच्या मामांकडे परवाना कुठला आहे?"

"हलक्या वाहनाचा. सव्वीस वर्षं. एक ओरखडा नाही."

"गाडी जड वाहनात येते. इथल्या नियमात साडेतीन टनांच्या वर सगळं जड."

"फक्त चारशे किलोंनी!"

"चार किलोंनी असती तरी जडच ठरली असती, साहेब."

"पण त्यातले तीनशे दहा किलो नुसती जादा बॅटरी आहे. तो काही माल नव्हे."

"बॅटरी रस्त्यावरून जाते की तरंगत जाते?"

मागे उभे असलेले लोक हसले. दशांशरावांचे कान तापले. ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, आम्ही गाडी मालाने पूर्ण भरणारच नाही. साडेतीनच्या आतच ठेवू."

कारकुनाने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. त्याच्या डोळ्यांत खरीखुरी उत्सुकता होती. "मग घेतलीत कशाला एवढी?"

दशांशरावांनी कागद गोळा केले.

सवलत मिळते का हे विचारायला ते सात नंबरच्या खिडकीवर गेले. तिथे अर्ज मिळाला. अर्जाबरोबर 'याहून लहान बॅटरी उपलब्ध नव्हती' असं कंपनीचं पत्र जोडायचं होतं. दशांशरावांनी कंपनीकडे पत्र मागितलं. कंपनीने तत्परतेने एक सुंदर रंगीत माहितीपत्रक पाठवलं, त्यात तिन्ही बॅटऱ्यांचे फोटो होते. सात नंबरने ते बघून त्यांना चार नंबरकडे पाठवलं. चार नंबरने ओळख दाखवून स्मितहास्य केलं.

तिकडे शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते. ट्रक अंगणात पूर्ण चार्ज होऊन उभा होता. एकच मार्ग राहिला: मामांनी जड वाहनाचा परवाना काढायचा.

"साहेब," मामा म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत माझी. या वयात परीक्षा कशाला?"

"मामा, तुम्हाला काय अवघड आहे? तुम्ही परीक्षकालाच शिकवाल!"

"नको, साहेब."

"अहो, मी शिकवतो तुम्हाला नियम. रोज जेवणाच्या सुट्टीत. घाबरू नका."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. काहीतरी सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण दशांशराव तोवर टाचणीने भिंतीवर खुणांचा तक्ता लावू लागले होते. मामांनी तोंड मिटलं आणि समोर येऊन बसले.

शिकवायची गरजच नव्हती. मामांना सगळं पाठ होतं. गाडी चालवण्याची परीक्षाही त्यांनी दिली. परीक्षक खाली उतरून म्हणाला, इतकी शांत गाडी मी वर्षभरात पाहिली नाही. राहिली फक्त डोळ्यांची तपासणी. फाइल सांभाळायला म्हणून दशांशराव बरोबर गेले.

डॉक्टरबाईंनी दूरची अक्षरं वाचायला लावली. मामांनी शेवटची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. दशांशरावांनी मागे बसून मान डोलावली. मग बाईंनी एक जाड पुठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. पानभर रंगीत ठिपके.

"आकडा कुठला दिसतो?"

मामा पुढे वाकले. मागे सरले. "ठिपके दिसतात."

"ठिपक्यांमध्ये आकडा आहे. बघा शांतपणे."

मामा शांतपणे बघत राहिले. "तुम्ही म्हणता म्हणजे असेल, बाई," ते म्हणाले.

दशांशरावांना मागून सुद्धा लख्ख दिसत होता. बावन्न. हिरव्या ठिपक्यांत लाल बावन्न, खिडकीतून बघणाऱ्यालाही कळावा इतका स्पष्ट. पहिल्यांदा त्यांना वाटलं, मामा चष्मा विसरले. मग वाटलं, थट्टा करताहेत. आणि मग त्यांना उमगलं: मामांना तो आकडा दिसतच नव्हता. ज्या माणसाने जन्मात कधी अर्धा किलोसुद्धा चुकीचा लिहिला नव्हता, तो माणूस तोंडासमोर मूठ धरून पाच वेळा खोकला. थांबला. मग दोन वेळा खोकला.

मामा वळले. "साहेब, पाणी घ्या."

दशांशराव पुन्हा खोकले, आता अधिक ठसठशीतपणे. पाच. दोन.

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

ते बाहेर बाकावर जाऊन बसले. पाचेक मिनिटांनी मामा आले आणि शेजारी बसले. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला. बराच वेळ दोघंही समोरच्या भिंतीवरच्या दात घासण्याच्या सूचना वाचत होते.

"लहानपणापासून आहे," मामा म्हणाले. "लाल आणि हिरवा मला सारखाच. हलक्या गाडीला तेव्हा कुणी विचारलं नाही."

"मग सिग्नल?"

"वरचा दिवा थांबा. खालचा दिवा चला. रंग कशाला लागतो, साहेब? अंधार पडल्यावर मी गाडी चालवतच नाही."

"पण वह्या? लाल पुठ्ठ्यांच्या वेगळ्या, हिरव्या वेगळ्या... एकदाही चूक झाली नाही तुमची!"

"बांधणीतल्या बाया लाल गठ्ठ्याला दोन गाठी मारतात. हिरव्याला एक."

"त्यांना माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे."

 दशांशरावांनी विचारलं, आणि विचारताना आपला आवाज लहान मुलासारखा येतोय हे त्यांना ऐकू आलं, "मग मलाच कसं माहीत नाही?"

मामांनी विचार केला. त्यांना दुखवायचं नव्हतं. "तुम्ही कधी गठ्ठा सोडला नाहीत, साहेब. तुमच्याकडे आकडा येतो."

पुढच्या आठवड्यात दशांशरावांनी जे जे करता येईल ते केलं. कंपनीला फोन केला: ट्रक परत घ्या, मधली बॅटरी, लहान चासी द्या. कंपनी म्हणाली, नोंदणी झालेली गाडी परत घेत नाही. डॉक्टरबाईंकडे जाऊन बसले. त्या म्हणाल्या, तुमचा खोकला कसा आहे? संचालक मंडळापुढे उभे राहून त्यांनी सांगितलं की माझी चूक झाली, मधलीच घ्यायला हवी होती. मंडळ अस्वस्थ झालं. अध्यक्षांनी दप्तरातून तो तक्ता मागवला आणि सगळ्यांसमोर टेबलावर पसरला. "चूक कशी असेल? इथे तर एकसष्ट पूर्णांक चव्वेचाळीस आलंय. तुमचंच अक्षर आहे ना?"

"माझंच आहे."

"मग? आकडे कधी खोटं बोलतात का?"

आयुष्यभर ते स्वतः हेच वाक्य लोकांना ऐकवत आले होते. ते खाली बसले.

जड परवान्याचा नवा ड्रायव्हर आला. तगडा, हसतमुख, कामाला वाघ. मामांना मंडळाने फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मालाची नोंद करायचं काम देऊ केलं. मामा एक दिवस तिथे खुर्चीवर बसले. संध्याकाळी दशांशरावांकडे येऊन म्हणाले, "मला बसून राहणं जमत नाही, साहेब. नव्या माणसाला आठवडाभर रस्ता दाखवतो आणि थांबतो."

सांत्वन करणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांचाच त्रास जास्त झाला. दातांचे डॉक्टर म्हणाले, उद्या काही झालं असतं तर? तुमच्यामुळे वेळेत कळलं. इंजिनियर जिन्यात म्हणाले, शेवटी प्रत्येकाची बॅटरी आटतेच. मेहुण्याने विचारलं, "भाऊजी, पण रेंज किती मिळते?" ट्रक दर संध्याकाळी एकोणनव्वद किलोमीटर फिरून परत येत असे आणि बॅटरीत निम्म्याहून जास्त चार्ज शिल्लक असे. तो शिल्लक आकडा रोज कळवायची पद्धत दशांशरावांनीच घालून दिली होती. आता रोज संध्याकाळी तो कागद टेबलावर यायचा आणि ते तो उलटा करून ठेवायचे.

बायकोने मात्र सांत्वन केलं नाही, टोमणाही मारला नाही. एका संध्याकाळी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "त्यांच्याशी बोललात का?"

"काय बोलू?"

"ते मला काय विचारता?"

म्हणून आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, 'मार्गाची पाहणी' असं कारण सांगून, दशांशराव ट्रकमध्ये चढले. नवा ड्रायव्हर चाकाशी, मध्ये मामा, कडेला दशांशराव मांडीवर फाइल घेऊन. पाहणी त्यांनी खरोखरच केली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. मामा हळू आवाजात सांगत होते, इथे गतिरोधक आहे पण रंग उडालाय. इथे दुपारी मुलं चेंडूमागे धावत येतात, आधीच हळू कर. या शाळेच्या शिपायाला पायऱ्या चढवत नाहीत, गठ्ठे आपणच वर न्यायचे. प्रत्येक शाळेत कुणी ना कुणी बाहेर यायचं, मधल्या जागेवर मामांना बघून थबकायचं आणि मग नुसतंच हात करून आत जायचं. दशांशरावांना त्या शाळांचे वर्षाचे आकडे तोंडपाठ होते. त्यातलं एकही फाटक त्यांनी याआधी बघितलेलं नव्हतं.

शेवटच्या दुकानानंतर मामा म्हणाले, "मला इथेच सोडा. घर जवळ आहे." दशांशरावांनी उतरून वाट दिली, मामा उतरले, टोपी सारखी केली, नव्या ड्रायव्हरला "जपून जा" म्हणाले आणि गल्लीत वळले. दशांशराव पुन्हा चढून बसले. बोलायचं राहून गेलं होतं.

ट्रक थोडा पुढे गेला आणि रस्ता फुटत होता तिथे थांबला. "साहेब, इथून गोदामाकडे कसं?" नव्या ड्रायव्हरने विचारलं. "रोज मामाच सांगायचे. डावीकडे की उजवीकडे?"

दशांशरावांनी फाइल उघडली. तिच्यात अंतर होतं, चढ होते, कपाती होत्या. वळण कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांनी फाइल सीटवर ठेवली, दार उघडलं आणि खाली उतरून गल्लीच्या दिशेने चालू लागले. आधी भरभर, मग जवळजवळ पळत. मामा एका बैठ्या घराच्या फाटकाची कडी काढत होते. पावलांचा आवाज ऐकून ते वळले.

"डावीकडे का उजवीकडे?" दशांशरावांनी धापा टाकत विचारलं.

"डावीकडे. शाळा सुटायची वेळ आहे, सावकाश घ्यायला सांगा त्याला."

"हो. सांगतो."

मामा थांबून राहिले. आणखी काही आहे हे त्यांना कळलं असावं. दशांशरावांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. येताना मनात जुळवलेली वाक्यं त्या धावपळीत कुठेतरी सांडून गेली होती.

"मामा," ते म्हणाले, "मधली बरी होती."

मामांनी फाटकावरचा हात काढला नाही. "होय, साहेब," ते म्हणाले. "मधली बरी होती."

मग ते आत गेले आणि त्यांनी कडी लावली. दशांशराव थोडा वेळ बाहेर उभे राहिले. तिकडे फाट्यावर नव्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, तसे ते वळून ट्रककडे चालू लागले.